सिंहाची पाटी आणि पितळी बिल्ला

राजे भराभर बदलत होते, तेव्हाची गोष्ट. सुभानजीच्या दारूच्या गुत्त्यावर राजाच्या सिंहाची पाटी होती. पितळी बिल्ल्यांवरही सिंहच; बिल्ला दिला की पेला मिळे.

राज्य बदललं. सुभानजीने पाटीवर नव्या राजाचा हत्ती रंगवून घेतला आणि बिल्ले वितळायला कासाराकडे धाडले. एकच उंबऱ्याच्या फटीत राहिला.

“वारा बघून वागावं रे,” पाटी त्याला म्हणाली. “नाहीतर मुशीत जाशील.”

“तुला रंग दिलाय, मला ठसा मारलाय,” बिल्ला म्हणाला.

पुढे सिंहवाला राजा परत आला. रंगाऱ्याला जुना सिंह आठवेना, म्हणून सुभानजीने फटीतला बिल्ला काढून त्याच्यापुढे धरला.

रंग ओला असतानाच पाटी बिल्ल्याला म्हणाली, “तुझी आयाळ झिजलीय. निष्ठा जपावी लागते, बाबा.”