शेजारच्याचा शिक्का

लाकडी खोकी बोलत असत, त्या काळची गोष्ट. परदेशी निघालेल्या खोक्याला कीड मरावी म्हणून आधी भट्टीत तापावं लागे, मगच त्याच्यावर शिक्का बसे.

आंब्याच्या लाकडाचं एक खोकं भट्टीला फार भ्यायचं. त्याच्या फळीत राहणारा भुंगा कळवळून म्हणाला, "गड्या, उगाच कशाला भाजून घेतोस? शेजारच्याचा शिक्का अजून ओला आहे. बिलग त्याला!"

खोकं बिलगलं. शिक्का उमटला, पण आरशात दिसावा तसा उलटा! बंदरावरचा तपासनीस पोट धरून हसला. "न्या रे याला भट्टीत!"

भट्टीच्या दारात खोकं धीर गोळा करून म्हणालं, "भुंग्या, घाबरू नकोस. मी आहे."

फळीतलं भुंग्याचं भोक रिकामं होतं. पलीकडच्या कोऱ्या खोक्यातून मात्र ओळखीचा आवाज येत होता, "गड्या, उगाच कशाला भाजून घेतोस?"