सांतानमामांच्या गिटारीचे दोन माईक

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा गडी होता, इनास. भोळा म्हणजे इतका, की "जरा थांब" म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिथेच उभा. पण मनाने सोनं हो! सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याच्या सांतानमामांच्या लेकीचं, सिल्वीचं, लग्न ठरलं. सिल्वी हट्टालाच पेटली. "बाबा, चर्चमध्ये मी पाऊल टाकीन ते तुमच्या गिटारीवरच." आता बापाने लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं, की गिटार वाजवायची? म्हणून धून आधीच रेकॉर्ड करायची ठरली.

मामा म्हणाले, "इनास, मंडपवाल्याकडून दोन माईक आण."

इनासने दोन आणले. एक भाषणाचा, नारळाएवढ्या डोक्याचा. दुसरा शर्टाला लावायचा, बटणाएवढा.

"अरे बाबा, स्टिरिओ आहे हे! माईक म्हणजे दोन कान. ते सारखे नकोत का? गिटारीला पेन्सिलीसारखे बारीक माईक आण, तारांची कुजबुज टिपणारे. आणि यापुढे जोडी आणलीस की दोन्ही अगदी सारखे आहेत ना, बघून घेत जा."

"बरं मामा."

बारीक माईक आले. मग मामीने त्याला मामांचे लग्नात घालायचे नवे बूट दुकानातून आणायला पिटाळलं. इनासने बूट आणले. दोन्ही डाव्या पायाचे.

"नीट बघून घेतले मामी. अगदी सारखे आहेत."

"मेल्या, एक डावीकडचा लागतो, एक उजवीकडचा!"

"असं होय! आधी सांगायचं ना."

बूट बदलून घरी येऊन इनासने माईक लावले. एक डावीकडच्या शेजाऱ्यांकडे, एक उजवीकडच्या. मामांनी डोळे मिटून अख्खी धून वाजवली. ऐकतात तर काय, डाव्या कानात मार्सेलीनबाईंचं नवऱ्याशी भांडण, उजव्या कानात कोंबडीने अंडं घातल्याची दवंडी.

"गाढवा, माईक गिटारीजवळ ठेवतात! अगदी जवळ!"

इनासने दोन्ही माईक गिटारीच्या भोकात कोंबले. आता विहिरीत पिंप कोसळल्यासारखा आवाज आला. मामांनी कपाळाला हात लावला.

"आत नाही रे! भोकासमोरही नको, घुमतं. गिटारीचा गळा पेटीला मिळतो ना, तिकडे माईकचं तोंड कर. आणि दोन्ही असे चिकटवू नकोस. जोडी फार जवळ आली की एकमेकांचा आवाज खाते. जोडीत नेहमी अंतर ठेवावं."

"नेहमी?"

"नेहमी!"

या खेपेला मात्र धून अशी उतरली, की मामी पदराने डोळे पुसत बसली. मामांनी खूश होऊन इनासच्या पाठीवर थाप मारली. वर नवऱ्यामुलाला, डेरिकला, गाडीतून आणायचं कामही त्यालाच दिलं. काय म्हणावं या माणसाला!

लग्नाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. डावीकडून, उजवीकडून गिटार झुळझुळू लागली. मामा लेकीला घेऊन ऐटीत वेदीपाशी पोहोचले. बघतात तर फादर उभे, करवल्या उभ्या, आणि नवरा गायब! सिल्वीचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात इनास धापा टाकत आत आला.

"इनास! डेरिक कुठाय?"

"काळजी नको मामा. त्याला खाडीपलीकडच्या चर्चमध्ये उभा केलाय. आधी ऐकेना, पण तुम्हीच सांगितलंय म्हटल्यावर बिचारा गप उभा राहिला." इनासने घाम पुसला. "आता मध्ये अख्खी खाडी आहे. जन्मात कोणी कोणाचा आवाज खाणार नाही!"