झाबेलबायचं दार

मोठ्या दाराचे फोटो सगळेच काढतात, पाहुणे. काढा, कोण नको म्हणतंय? पण उत्तरेच्या भिंतीतलं हे बुटकं दारही बघा. बाहेर ना रस्ता, ना अंगण. पाऊल टाकलं की सरळ केळीच्या बागेत. करंजखोलच्या या चर्चला, आम्ही देऊळच म्हणतो त्याला, इथे दार असायचंच नव्हतं. ते झाबेलबायमुळे आलं, असं सांगतात.

पोर्तुगिजांचा काळ. झाबेलबायचा नवरा बस्त्याव याने खाडीपलीकडून होडीने देवळाचे दगड आणले आणि भिंत उभी राहण्याआधीच तापाने गेला. मागे राहिली देवळाला लागूनची ही केळीची बाग आणि रहाटाची विहीर. तेवढ्यावर तिचं पोट.

गावाला घाई झालेली. पाऊस तोंडावर आलेला, खाडी हाताशी. गोडं पाणी लांबून कोण वाहणार? चुना मळायच्या घाण्यात खाडीचं पाणी ओतलं शहाण्यांनी! खारट चुना कसला धरतोय? उत्तरेची भिंत भरदुपारी भसकन बसली. नशीब, सगळे जेवायला गेले होते.

कोंडू गवंडी म्हणाला, "गोडं पाणी हवं, तेही पुष्कळ." त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरींनी तळ गाठलेला. पाणी होतं ते झाबेलबायकडेच, पण मागायला कुणाची जीभ रेटेना. केळी ऐन निसवायला, घड टाकायला आलेल्या. पाणी तोडलं की बाग गेली, आणि मग वर्षभर खायचं काय? झाबेलबाय रोज येऊन पडलेले दगड बघायची म्हणे. एकेक दगड बस्त्यावने छातीशी धरून उतरवला होता. शेवटी तिने स्वतःच बागेचा पाट अडवला आणि पाणी देवळाकडे वळवलं. "बांधा आता नीट," एवढंच म्हणाली.

पाट आत घ्यायला कोंडूने भिंतीत वाट ठेवली. या वेळी चुना धरला, छप्परही चढलं. बाग मात्र उभी वाळली. काम संपल्यावर कोंडू म्हणाला, "ही जागा बुजवायला माझा हात उठत नाही," आणि तिथे त्याने दार काढलं.

पहिल्या मिस्सेला, म्हणजे नव्या देवळातल्या पहिल्या प्रार्थनेला, पाऊस कोसळत होता. झाबेलबाय गेलीच नाही. वाळलेल्या केळींकडे बघत ओटीवर बसून राहिली. आपलं चुकलं का, हेच मनात घोळत होतं. मिस्सा संपली आणि त्या बुटक्या दारातून माणसं वाकून वाकून बागेत येऊ लागली. ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या बागेतून काढलेलं केळीचं रोप. पाद्रीसुद्धा झगा खोचून चिखलात उतरलेला! झाबेलबाय पदरात तोंड लपवून रडली, आणि लगेच ओरडलीही, "अरे, अंतर ठेवून लावा! केळी आहेत त्या, मेथी नव्हे!"

आजही जूनच्या सणाला मिस्सा संपली की मोठ्या दाराकडे कुणी वळत नाही. रोपं घेऊन सगळे याच दाराने निघतात आणि त्या वर्षी ज्याची बाग बुडाली असेल त्याच्याकडे जातात. तो घरात असला तरी त्याला बोलावत नाहीत; झाबेलबायने तरी कुणी मागायची वाट कुठे बघितली होती? आधी सगळी रोपं लावून होतात, मग हाक मारतात.