बगळी खाली बसली नाही

टेक्सास नावाच्या लांबरुंद, उन्हाने भाजून निघणाऱ्या मुलखात, एका नदीच्या वळणावर पशुपक्ष्यांचे मोठे शहर वसले होते. आणि त्या शहराच्या उथळ पाण्यात एक म्हातारी बगळी आपले पोट भरत असे. मुलांनो, बगळी म्हटले की तुमच्या मनात काय येते ते मला ठाऊक आहे. साधूचे सोंग, मिटलेले डोळे, पोटात मासा. तिच्या शहरातही तिला असेच बोलत. "काम ना धंदा, दिवसभर नुसती उभी!" बदके जाता-येता म्हणत. बगळी मान न वळवता म्हणे, "एकदा सकाळपासून उभं राहून बघा, मग तोंड उघडा." एकाही बदकाने कधी उभे राहून पाहिले नाही.

शहर वाढत होते. नवी बिळे, नवे बांध, नव्या वाटा. त्यासाठी लागणारा दगड डोंगरावरच्या खाणीतून येई आणि तो आणत गाढवे. खाण रानडुकरांच्या ताब्यात होती. रानडुक्कर स्वतः चिखलात लोळे आणि गाढवाला मात्र सूर्य डोक्यावर आला तरी थांबू देत नसे. एका उन्हाळ्यात भर दुपारी एक तरणेबांड गाढव पाठीवरच्या दगडासकट नदीच्या उतारावर कोसळले. पाणी त्याला समोर दिसत होते. तोंड पाण्याकडे करूनच त्याने प्राण सोडला. त्याच्या मागून चालणाऱ्या गाढविणीने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, हे डोळ्यांनी पाहिले.

त्या संध्याकाळी शहराची पंचायत बसली. बगळी पंचायतीत होती. ती म्हणाली, "मला मोठं भाषण येत नाही. ओझं वाहणाऱ्यानं दुपारी नदीवर थांबावं, पोटभर पाणी प्यावं, घटकाभर सावलीत उभं राहावं आणि त्याला कोणी हटकू नये. हा नियम करा नाहीतर मला इथून हाकलून द्या." तिला कोणी हाकलले नाही. नियम झाला. गाढवे पाणी पिऊ लागली.

रानडुक्कर तडक डोंगरावर कोल्ह्याकडे गेले.

"कोल्हेसाहेब, अनर्थ झाला! गाढवं पाणी पितात!"

"मग?" कोल्हा म्हणाला.

"मग काय मग! पितात तेवढा वेळ चालत नाहीत ना!"

आता हा कोल्हा कोण, ते सांगते. सगळ्या मुलखाचा कारभार डोंगरावरच्या सभेतून चाले. ही सभा एका उन्हाळ्याआड एकदा भरे. गावोगावचे, रानोरानचे प्रतिनिधी तिथे येत. नदीकाठच्या शहराने आपल्या वतीने बगळीलाच पाठवले होते. सभापती होता एक लांब शिंगांचा बैल. तो कोल्ह्याचाही नव्हता आणि गाढवांचाही नव्हता. एकदा केलेला नियम त्याला देवासारखा. पण सभेत चालायचे ते कोल्ह्याचे. लांडगे त्याच्या बाजूने, ससाणे त्याच्या बाजूने, आणि त्यांना घाबरणारे सगळे आपोआप त्याच्याच बाजूने.

सभेच्या शेवटच्या दिवशी, सूर्य पुरता वर चढल्यावर, कोल्ह्याने आपला ठराव मांडला. "यापुढे कोणत्याही शहराने, गावाने किंवा वारुळाने स्वतःचा नियम करू नये. आजवर केलेले असतील ते रद्द. नियम करील ती फक्त ही सभा. एक मुलूख, एक नियम! किती सुटसुटीत!" लांडग्यांनी शेपट्या आपटल्या. ठरावात गाढवांचा उल्लेख नव्हता, पाण्याचा नव्हता. पण सभेच्या कडेला खाली मान घालून उभ्या असलेल्या गाढविणीला बरोबर कळले. उद्या दुपारपासून नदी पुन्हा नुसती बघायची.

बगळी ताडकन म्हणाली, "मला बोलायचंय."

कोल्हा गोड हसला. "बोला की बगळेबाई. पण बोलण्याचा नियम माहीत आहे ना?"

हा नियम कोल्ह्याचाच होता. मागे एकदा एका सशाने त्याच्या ठरावाविरुद्ध फार वेळ बडबड केली, तेव्हा चिडून त्याने तो करून घेतला होता. बोलणाऱ्याने उभे राहून बोलावे. बसू नये, कशाला टेकू नये, खाऊ-पिऊ नये, विषय सोडू नये. तीनदा चूक झाली की तोंड बंद. हे पाळून जो बोलेल त्याला मात्र कोणी थांबवू नये. नियम झाल्यापासून ससा दमून बसला, खारीला भूक लागली, साळिंदर झाडाला टेकले आणि कोल्ह्याचे सगळे ठराव बिनबोभाट पार पडले. त्या दिवशी सूर्य डोंगरकड्याआड जाईपर्यंत जो ठराव मंजूर होणार नाही तो आपोआप बाद होणार होता. पण कोल्ह्याला काळजी नव्हती. म्हातारी बाई, काड्यांसारखे पाय. किती वेळ उभी राहणार?

कोल्हा कधी नदीवर उतरला नव्हता. नदीकाठच्यांकडे तो डोंगरावरूनच बघत असे.

"सभापती महाराज," बगळीने सुरुवात केली, "आमच्या गाढवांना ऊन लागतं ते नदीच्या उतारावर. तुमच्या या गार कड्यावर नाही. मग ते ऊन किती आहे हे ठरवायचं कोणी? ज्याच्या पाठीवर पडतं त्यानं, का ज्यानं ते लांबून पाहिलंय त्यानं?" बोलता बोलता ती नदीवर आली, नदीवरून माशांवर आणि माशांवरून आपल्या आईवर. आईने तिला कसे वाढवले ते सांगू लागली तोच कोल्हा ओरडला, "विषय सोडला!" बैलाने विचार केला आणि खूर आपटला. "सोडला. चूक एक."

बगळीने मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा पाण्यावर आली.

ऊन तापले. बगळीचा घसा सुकला, चोच चिकटू लागली. पाण्यासाठी भांडायचे आणि पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही! तेवढ्यात कड्यावरून वाऱ्याचा झोत आला आणि म्हातारीचे पंख थरथरले. गाढविणीला राहवले नाही. ती धावत आली आणि बगळीच्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

"टेकली! टेकली!" कोल्हा नाचू लागला.

"महाराज, चूक माझी," गाढवीण रडवेली झाली. "आजींनी नाही सांगितलं. मीच आले."

"कोणी का येईना," बैल म्हणाला. "आधार तो आधार. चूक दोन."

गाढविणीने मान टाकली. "आजी, मी घात केला."

"घात कसला? एक अजून बाकी आहे," बगळी म्हणाली. "तू मागं हो आणि रडू नकोस. तुझं रडणं बघून मी विषय सोडला, तर त्या तिसऱ्या चुकीला तूच जबाबदार." सभेत कोणीतरी फिसकन हसले. लांडग्यांनी वळून पाहिले, पण हसणारे सापडले नाही.

आता कोल्ह्याने रानडुकराच्या कानात काही सांगितले. रानडुक्कर गेले आणि एका तळ्यातून ताजा, तडफडणारा मासा तोंडात धरून आले. तो त्याने बगळीच्या चोचीसमोर ओल्या शेवाळावर ठेवला. "घ्या बगळेबाई," कोल्हा म्हणाला, "सकाळपासून उपाशी आहात. आम्हांला बघवत नाही." मासा चमकत होता, उसळत होता.

बगळी माशाकडे बघत राहिली. तिची मान तसूभर हलली नाही. बोलणे मात्र चालूच होते. "कोल्होबा, समोर मासा असताना न हलणं हा माझा रोजचा धंदा आहे. तू दुसरं काही आण. आणि महाराज, हा मासा बघा. पाण्याबाहेर काढल्यावर जिवाचं काय होतं ते समोर दिसतंय. मी याच विषयावर बोलते आहे. याच्याहून चांगला साक्षीदार मला मिळाला नसता." बैलाने माशाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि एका पाणकोंबडीला सांगून तो पुन्हा पाण्यात सोडायला लावला. कोल्ह्याचे तोंड आंबट झाले.

दुपार कलली. बगळीने सवयीने एक पाय वर घेतला, पोटाच्या पिसांत खुपसला आणि बोलत राहिली.

"एका पायावर!" कोल्हा किंचाळला. "महाराज, ही बया एका पायावर उभी आहे! ही तिसरी!"

बैल जागचा उठला. तिच्याभोवती एक फेरी मारली. खाली वाकून पाहिले. "बसली आहे?" त्याने विचारले.

"नाही, पण..."

"टेकली आहे?"

"नाही, पण महाराज, एक पाय..."

"नियम तू केलास," बैल म्हणाला. "बसायचं नाही म्हणालास, टेकायचं नाही म्हणालास. पाय मोजायला सांगितलं नव्हतंस. बाई, बोला."

कडेला जमलेली बेडके, खारी, चिचुंद्र्या सगळ्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आणि कोल्ह्याच्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला. ही दमणार नाही. हिला उभे राहण्याचे काय! हिचा जन्मच उभे राहण्यात गेला. सगळ्या मुलखात जिला हा नियम सोसेल अशी एकच होती आणि नेमकी तिच्यासाठीच आपण तो करून ठेवला.

पण सूर्य अजून कड्याच्या वर होता आणि बगळीजवळचे मुद्दे संपले होते. सगळे सांगून झाले होते. आवाज चिरका झाला होता. मध्ये क्षणभर ती थांबली तेव्हा कोल्हा उठून उभाही राहिला. बगळीने सभेच्या कडेला पाहिले. तिथे गाढविणीच्या मागे सगळी गाढवे येऊन उभी होती, पाठीवर वळ घेऊन.

"आता मी एकेकाविषयी सांगते," बगळी म्हणाली. "तो फाटक्या कानाचा आहे ना, तो पाणी पिताना डोळे मिटतो. ती करडी, ती आधी पोराला पाजते, मग स्वतः तोंड लावते. तो मागचा दांडगा, त्याला घाई फार, पाणी नाकात जातं आणि शिंकतो. मी रोज बघते. मला दुसरं काम नाही, मी उभीच असते." गाढवे लाजली. लाजता लाजता त्यांच्या माना वर आल्या. बगळी एकेकाला ओळखीने पुढे आणत गेली. शेवटी ती त्याच्याविषयी बोलली जो आता नव्हता. तो उतारावरून येताना गात असे, असे तिने सांगितले. फार बेसूर गात असे आणि मासे पळवून लावत असे. "मी त्याला शिव्या द्यायचे," बगळी म्हणाली. "आज मासे पळत नाहीत. मला ते आवडत नाही."

लांडग्यांतल्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. कोणी शेपटी आपटली नाही. आणि त्या शांततेत बैलाने मान वर करून कड्याकडे पाहिले. कड्यावर नुसती लाल रेघ उरली होती.

"मतं घ्या! मतं घ्या!" कोल्हा ओरडला.

"बाई बोलत आहेत," बैल म्हणाला.

रेघ विझली. बैलाने खूर आपटला. "सूर्य गेला. सभा संपली. ठराव बाद."

मग जो गलका उठला तो काय सांगू! बेडके, खारी, चिचुंद्र्या, पाणकोंबड्या, ज्यांनी जन्मात डोंगरावर आवाज काढला नव्हता त्या सगळ्यांनी असा कल्ला केला की ससाणे फांद्या सोडून उडाले. गाढवे एकदम रेकू लागली, आणि त्या दिवशी ते कोणाला बेसूर वाटले नाही.

कोल्हा जाता जाता बगळीजवळ थांबला. "एक उन्हाळा सोडून सभा पुन्हा भरेल," तो दातांतून म्हणाला. "हा ठराव मी पुन्हा आणीन."

बगळीने वर घेतलेला पाय सावकाश खाली ठेवला. "आण की," ती म्हणाली. "मला कुठं बसायची घाई आहे?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाढवे उतारावरून खाली आली. गाढविणीने पाठीवरचा दगड उतरवला आणि नदीत तोंड घातले. रानडुक्कर काठावर येऊन येरझाऱ्या घालू लागले. "झालं का?" ते गुरगुरले. गाढविणीने तोंड वर केले. हनुवटीवरून पाणी ठिबकत होते. तिने रानडुकराकडे अगदी शांतपणे पाहिले.

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा प्यायला वाकली.

तात्पर्य : गरिबाचे तोंड बंद करायला बलवंताने केलेला नियम घाबरून टाकून देऊ नये, तो नीट ऐकून घ्यावा; त्यात आपल्याला उभे राहण्याएवढी जागा सापडली, तर तिथून हलू नये.