बयजाकाकूंचा जुना नकाशा

लहानथोरांनो, ही फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचा दिवस होता. पहाटे दहिवर पडले होते, मग आभाळ स्वच्छ झाले. वारा इतकाच होता की दोरीवरचा ओला कागद हलावा, पण उडू नये.

डोंगरांच्या ओंजळीत एक गाव होते. गावाला मातीच्या बांधाचा एक तलाव होता आणि त्या पाण्यावरच साऱ्यांचा गहू-हरभरा पिके. दरवर्षी जत्रेत गावकरी सोंगांचा खेळ करत. मुकुट, मुखवटे, तलवारी, सगळे सामान कागदाचे आणि सगळे बयजाकाकूंच्या हातचे. खेळ संपला की ते तलावात सोडायचे, अशी तिथली रीत होती. कागद पाण्यात विरला की राजा पुन्हा सुतार होई आणि राक्षस पुन्हा तेली.

त्या वर्षीच्या खेळात एका चोरराजाचा खजिना होता. त्यासाठी शंभर वर्षांचा जुना नकाशा हवा होता.

"उद्या हवा, काकू," रखमाजी सुतार म्हणाला. चोरराजा तोच होणार होता.

"उद्या? शंभर वर्षं एका दिवसात आणू कुठून रे?" असे म्हणेपर्यंत बयजाकाकूंनी चूल पेटवलीसुद्धा.

त्यांनी हिरडे ठेचून उकळले, वर मूठभर कांद्याची टरफले टाकली. जाड कागद चुरगाळला, उलगडला आणि त्या काढ्यात बुडवला. फाटला तर हाताशी असावा म्हणून आणखी एक बुडवला. दोन्ही दोरीवर टाकले आणि त्या उन्हात उभ्या राहून पाहू लागल्या. कागद पिवळा झाला, मग तपकिरी, मग जुन्या पखालीच्या चामड्यासारखा! काकूंना घरात बसवेना. त्या दर थोड्या वेळाने अंगणात येत आणि कागदाला बोट लावून बघत.

वाळल्यावर त्यांनी एका कागदाच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या आणि घड्यांच्या रेघांवर राख चोळली. मग कडा निखाऱ्याजवळ धरल्या. कड पेटली की ओल्या चिमटीने विझवायची, पुन्हा धरायची.

"काकू, भाकरी करपली वाटतं!" कुंपणावरून रखमाजी ओरडला.

"भाकरी नाही, तुझं राज्य करपतंय. लांबूनच बघ, फुंकर घालू नकोस."

काजळी आणि डिंकाची शाई झाली. काकूंनी दुसरा मुलूख कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्यांनी आपलाच काढला. दोन सुळक्यांचा डोंगर, जोडचिंच, तलाव, बांध. तेवढ्यात पळीतून काढ्याचा एक थेंब नेमका बांधावर पडला आणि काळा डाग उमटला. काकू चुकचुकल्या, मग हसल्या. डागावर त्यांनी कुंकवाची लाल फुली मारली. "घ्या! खजिना इथंच."

त्यांनी नकाशा हातात धरून पुन्हा पुन्हा पाहिला. आपणच केलेला, तरी आपल्या पणज्याने काढल्यासारखा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी रखमाजीने तो उलगडला आणि सारी जत्रा टाचा उंचावून उभी राहिली. "अरे, हे तर आपलंच गाव!" एकच गलका उडाला.

खेळ संपला. मुकुट बुडाले, मुखवटे बुडाले. नकाशा मात्र काकूंनी पदराखाली घेतला. असा पुन्हा जमायचा नाही, एवढा एक राहू दे, असे त्यांना वाटले. घरी नेऊन त्यांनी तो भिंतीला लावला.

पाटील जत्रेच्या दिवशी परगावी होते. परतल्यावर सकाळी ते काकूंच्या दारावरून जाताना थबकले. "बयजाबाई, हा कुठून आला?"

पाटलांची नजर फसलेली पाहून काकूंना गुदगुल्या झाल्या. "ओळखा पाहू!" एवढेच त्या म्हणाल्या. पाटील नकाशा मागून घेऊन गेले.

दुपारी बांधावर कुदळी पडू लागल्या. काकू धावत पोचल्या तेव्हा फुलीच्या जागी कमरेइतका खड्डा झाला होता आणि तळाशी माती ओली दिसत होती. बांधापलीकडे तलाव काठोकाठ भरलेला.

"थांबा! तो मी केलाय! खेळासाठी!"

"खेळातला असता तर पाण्यात गेला असता," पाटील म्हणाले. "सोंगाचं सामान कुणी घरात ठेवतं का? ज्या अर्थी ठेवलाय, त्या अर्थी खरा आहे."

काकू गर्दीतून वाट काढत खड्ड्याच्या कडेला गेल्या.

"मी पाहिलंय त्यांना कडा जाळताना," रखमाजी म्हणाला.

"तू त्यांचाच चोरराजा! तू दुसरं काय सांगणार?" पाटील म्हणाले. सगळे हसले आणि पुन्हा कुदळी उचलल्या गेल्या. तेव्हा रखमाजी सरळ खड्ड्यात उतरला आणि मांडी घालून बसला. "काकू, काय करायचं ते करा. मी उठत नाही."

काकू घराकडे पळाल्या. परतल्या तेव्हा एका हातात खापरभर निखारे होते, दुसऱ्या हातात शाई, आणि काखेत तो दुसरा कागद. बांधावर बसून, सगळ्यांसमोर, त्यांनी डोंगर काढला, चिंच काढली, गावातली घरे काढली. घड्या मोडल्या, राख चोळली, कडा जाळल्या. कुणी पापणी हलवेना. शेवटी त्यांनी फुली मारली आणि नकाशा उंच धरला.

"बांधावर काही नाही. खजिना आहे पाटलांच्या चुलीखाली!"

मग दहा-बारा जणांनी कुदळी खांद्यावर घेतल्या आणि पाटलांच्या घराकडे तोंडे वळवली.

"अरे, खुळे झालात का?" पाटील आडवे आले. "आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत केला की यांनी!"

"हा होताना तुम्ही पाहिलात, पाटील," काकू म्हणाल्या. "तो होताना रखमाजीनं पाहिला. फरक तेवढाच. पण तो पाण्यात सोडला नाही आणि विचारलंत तेव्हा खरं सांगितलं नाही, ही चूक माझी."

पाटलांनी दोन्ही नकाशे नाकाशी धरले. दोघांनाही हिरड्याचा तोच तुरट वास येत होता. त्यांनी फावडे उचलले आणि पहिली माती स्वतः खड्ड्यात टाकली.

"अहो, मला आधी बाहेर तर येऊ द्या!" आतून रखमाजी ओरडला.

दिवस मावळायच्या आत खड्डा भरला आणि माती ठोकून घट्ट केली. काकूंनी दोन्ही नकाशे स्वतःच्या हाताने तलावात सोडले. आधी शाई विरली, मग फुली, मग कागद. त्या साली बांध टिकला आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले.

तात्पर्य : नक्कल खऱ्यासारखी साधली, तर ती नक्कल आहे हे करणाऱ्याने सर्वांत आधी सांगावे.