म्हसू पाटकरी आणि महाराजांचा हुद्दा

प्रवरेच्या कालव्याला पाणी खेळू लागून जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी ख्रिस्ती कीर्तनकार शांतवन महाराजांचा मुक्काम बोरठाणला असे. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या टोकाला पत्र्याचे प्रार्थनामंदिर, मंदिरापुढे चिंच आणि चिंचेखाली घायपाताचा वाख घेऊन दोर वळत बसलेले महाराज. कीर्तनाला उभे राहिले की हातात एकतारी, बसले की वाख. ते हात रिकामे कुणी पाहिले नाहीत.

कुणी आजारी असले की घरचे माणूस चिंचेखाली येई. महाराज ऐकून घेत, हातातला पीळ न सोडता डोळे मिटत आणि प्रभू येशूला त्या आजाऱ्याचे नाव सांगत. एकदा एका बाईच्या तान्ह्या पोराला आकडी आली. महाराजांनी प्रार्थना केली, पोर शांत झाले. जाताना बाईने खाली पडलेला दोराचा तुकडा उचलला आणि पोराच्या मनगटाला बांधला. झाले! दुसऱ्या दिवसापासून जो येई त्याला दोर हवा. ज्यांनी गंडे-ताईत सोडून प्रभूची वाट धरली होती, त्यांनीच घायपाताचा गंडा करून टाकला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

महाराज म्हणत, "अरे, हा दोर गुरं बांधायला आहे, आजार बांधायला नाही." लोक हसत, मान डोलावत आणि तुकडा खिशात घालत.

पुढे पुढे लोक महाराजांच्या हातातला दोर ओढू लागले, तेव्हा शमुवेल मास्तर उजागरे पुढे सरसावले. मास्तर ख्रिस्ती मंडळीचे पंच आणि शाळेचे मुख्य. माणूस शिस्तीचा. त्यांनी वीत-वीत लांबीचे तुकडे कापून एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि नियम केला. बाप्तिस्मा झालेला असावा, रविवारी उपासनेला हजर असावा, बायबलातले एखादे वचन तोंडपाठ असावे, तरच तुकडा मिळेल. गोंधळ थांबला हे खरे. पण डब्याची किल्ली मास्तरांच्या कमरेला आली आणि किल्लीबरोबर थोडा ताठाही आला. महाराजांनी एकदा डब्याकडे पाहिले आणि मोठा सुस्कारा टाकून पुन्हा वाख हातात घेतला.

गावाबाहेर कालव्याच्या चौकीवर म्हसू नावाचा पाटकरी राहत होता. कालव्यातले पाणी कोणत्या चारीला किती सोडायचे, ते दार उघडण्याचे आणि पाडण्याचे त्याचे काम. म्हसू आमच्या मंडळीतला नव्हता. पण कीर्तन सुरू झाले की तो कालव्याच्या बांधावर येऊन बसे आणि लांबूनच ऐके. प्रभूने तापाला दटावले आणि ताप निघून गेला, हे आख्यान लागले की तो गुडघे पोटाशी घेऊन पुढे झुके. आत ये म्हटले तर म्हणे, "हितून बी ऐकू येतंय की."

म्हसूला एकच लेक, अकरा वर्षांची. आधीची तीन गेली, म्हणून चौथीचे नाव चिंधी ठेवले होते. फाटक्या चिंधीला कोण नेतो, अशी आपली गरिबाची समजूत. त्या चैत्रात चिंधीला मुदतीचा ताप आला. इस्पितळातले डॉक्टर येऊन पाहून गेले. औषध दिले, पाणी उकळून पाजायला सांगितले आणि एकवीस दिवस धीराने काढा म्हणाले. अठराव्या दिवशी पोरीने आईला ओळखले नाही.

त्या दुपारी म्हसू मास्तरांच्या दारात उभा राहिला. पागोटे हातात, पाय चिखलाने भरलेले.

"मास्तर, पोरगी लई बेजार हाय. म्हाराजांस्नी भेटायचं व्हतं."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाप्तिस्मा घेतलास?"

"न्हाई."

"वचन येतं एखादं?"

"न्हाई."

"मग तुला दोर कसा देऊ मी? नियम म्हणजे नियम." एवढे बोलून मास्तर थांबले. त्यांच्या मनात शाळेमागची बाग आली. मंडळीची लिंबाची रोपे पाण्यावाचून माना टाकत होती आणि बोरठाणच्या चारीची पाळी यायला अजून पाच दिवस होते. "हे बघ म्हसू," ते हळू आवाजात म्हणाले, "माणसाने माणसाचं पाहावं. तू तासभर आमच्या चारीचं दार उचल, मी तुझ्यासाठी नियम जरा वाकवतो."

म्हसूने मान वर केली नाही. पोरीसाठी काय करणार नाही बाप? पण तो म्हणाला, "तेवढं नका सांगू, मास्तर. पाणी आत्ता खालच्या वाडीचं हाय. तिथली हिर आटलीय, त्ये लोक ह्योच पाट पित्यात. सायबाची चिठ्ठी न्हाई तवर दाराला हात लावायचा मला हक न्हाई."

"साहेब बसलाय तिकडे नगरला! त्याला काय दिसतंय?"

"त्याला दिसावं म्हनून कुठं करतो मी?"

मास्तरांना ते झोंबले. "असं? मग साहेबाच्या चिठ्ठीनेच उतरव पोरीचा ताप! ताप म्हणजे काय कालवा आहे, हुकूम आला की बंद व्हायला?"

म्हसू क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग वळला आणि थेट चिंचेकडे चालू लागला. आता हा महाराजांपुढे काय बडबडतो ते पाहावे, म्हणून मास्तरही मागोमाग निघाले. चिंचेखाली चार-पाच माणसे बसली होती. म्हसू सावलीच्या बाहेर, उन्हातच थांबला आणि त्याने पोरीची सारी हकीकत सांगितली.

महाराजांनी वाख खाली ठेवला. "चल बाबा, येतो मी तुझ्या घरी."

"नगा येऊ, म्हाराज."

सगळे चमकले. आजवर असे कुणी म्हटले नव्हते.

"तुमास्नी उन्हाचं कशाला चालवू? अन् मला दोर बी नगं. मी काय म्हन्तो... सायब कधी येतो का दार पाडाया? मी तर त्येला डोळ्यांनी बघितला बी न्हाई. शिपाई चिठ्ठी आनतो. मी अंगठ्याएवढा मानूस, पर चिठ्ठी आली की चाक फिरवतो अन् एवढा मोठा पान्याचा लोंढा गप हुभा ऱ्हातो. तो काय मला भितो का? सायबाचा हुकूम हाय, म्हनून ऱ्हातो." म्हसूने हात जोडले. "तुमी बी सायब न्हाई, म्हाराज. तुमी माह्यावानीच पाटकरी. पर तुमचा सायब लई मोठा हाय. ताप त्याचं ऐकतो, हे मी बांधावर बसून ऐकलंय. तुमी हितूनच दार पाडा. चिंधीपत्तुर पोचंल."

"अरे, कुणाला पाटकरी म्हणतोस!" मास्तर कडाडले. "महाराजांना? तुझी जीभ—"

महाराजांनी हात वर केला. त्यांच्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळत होते.

"मास्तर, रागावू नका," महाराज म्हणाले. "वीस वर्षं कीर्तन करतो आहे. माझा हुद्दा मला आज कळला." मग म्हसूकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारले, "बाबा, एक विचारू? तिकडून हुकूम सुटला नाही तर?"

हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते आणि ऐकणेही नव्हते. ज्याची तीन लेकरे मातीत गेली, त्याला हा प्रश्न नवा थोडाच होता! म्हसू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"मंग रडंल मी, म्हाराज," तो म्हणाला. "कवा सोडायचं अन् कवा न्हाई, ते पाटकऱ्याला कुठं कळतंय? पर सायब काय दुसरा करनार न्हाई मी."

महाराज उठून उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले नाहीत, आवाज चढवला नाही. कालव्याच्या दिशेला तोंड करून ते म्हणाले, "प्रभू येशू, सत्ता तुझी. तुझ्या नावाने त्या तापाला सांगतो, चिंधीला सोड." एवढेच. मग म्हणाले, "जा म्हसू. निरोप गेला. डॉक्टरांचं औषध चालू ठेव. तोही त्याच साहेबाचा माणूस."

म्हसूने जमिनीला कपाळ लावले आणि तो निघाला. चौकीचे घर उजवीकडे होते. म्हसू डावीकडे वळला.

"पाहिलंत?" मास्तर म्हणाले. "पोर तिकडे शेवटच्या घटका मोजते आणि हा चालला पाण्याकडे! चार वाजता म्हणे दार पाडायचं असतं. याला विश्वास म्हणायचं की दगडाचं काळीज?"

महाराज वाख हातात घेऊन पुन्हा बसले.

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगायलाच हवे. घरी जाता जाता त्यांचे पाय अडखळले. ती पोर शाळेच्या खिडकीखाली शेरडे चारत पाढे ऐकायची, बाराच्या पाढ्यात नेहमी अडायची, ते त्यांना आठवले. त्यांनी डबा उघडला, एक तुकडा खिशात टाकला आणि उन्हातून चौकीच्या घराकडे झपाझप निघाले. नियम मोडताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बरे वाटत होते. घराजवळ आले तर आतून रडण्याचा आवाज. उशीर झाला! चारीचे दार उचलायचे आपले ते बोलणे त्यांना आठवले आणि तोंड लपवायला जागा पुरेना.

ते आत शिरले. म्हसूची बायको ठकूबाई भिंतीला टेकून रडत होती आणि तिच्या मांडीवर चिंधी डोळे उघडे ठेवून पडली होती.

"आत्ताच, मास्तर, आत्ताच!" ठकूबाई रडता रडता म्हणाली. "अंगाला असा घाम सुटला की सारी गोधडी भिजली. अन् मला म्हनली, आई, भूक लागली. वळखत नव्हती, अन् आता आई म्हनली वो मला!"

मास्तरांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ ओले आणि गार होते. पोरीने त्यांच्याकडे पाहिले.

"मास्तर, बा कुठंय?"

मास्तरांचा एक हात खिशात होता, दोराच्या तुकड्यावर. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. "आणतो," म्हणाले आणि धावत सुटले. पन्नाशीचा माणूस, पायांत वहाणा नाहीत, टोपी कुठे पडली त्याचे भान नाही. ज्याने हुकमाची टिंगल केली होती, तोच तो हुकूम पोचल्याची बातमी घेऊन बांधावरून पळत होता!

म्हसू दाराच्या चाकाला भिडलेला होता. तोंडाने फेरे मोजत होता.

"म्हसू! अरे, ताप उतरला! पोर बोलली! भूक लागली म्हणते!"

"व्हय," म्हसू म्हणाला. "निरोप गेला व्हता ना. तीन फेरे ऱ्हायल्यात, मास्तर."

"घरी जाऊन पाहावंसं तरी वाटलं नाही तुला?"

"वाटलं की. लई वाटलं." त्याने एक फेरा दिला. "पर माहा हुकूम मी पाळायचा, त्याचा हुकूम त्यो बघंल." दुसरा दिला. तिसरा दिला. दार तळाला टेकले, पाणी थांबले. मग त्याने चाक सोडले. तो मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा ओक्साबोक्शी रडला.

मास्तरांनी पुढे होऊन त्याचे चिखलाचे पाय धरले. म्हसूने दचकून पाय मागे घेतले. "आवं, काय करता मास्तर! माहे पाय कशाला?"

दिवस कलताना मास्तर चिंचेखाली आले. काखेत डबा होता. त्यांनी तो महाराजांपुढे पालथा केला, सारे तुकडे मातीत पडले, आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, मी किल्लीवाला होऊन बसलो. पाणी माझंच वाटू लागलं मला."

महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले. "माझ्या पाया पडू नका, मास्तर. पाटकऱ्याच्या पाया कुणी पडतं का? पडायचं तर साहेबाच्या पडा." मग ते त्या तुकड्यांकडे पाहून हसले. "आणि एवढा वाख वाया घालवलात! चला, उकला सगळं. मंदिराच्या विहिरीला दोर नाही कधीपासून."

दोघांनी मिळून सारे तुकडे उकलले. दोर वळायला दोन माणसे लागतात. एक पीळ देतो आणि दुसरा टोक धरून, कमरेत वाकून, मागे मागे सरकतो. टोक मास्तरांनी धरले.

पुढे महिन्याभराने त्या दोराने चिंधीने विहिरीतून पाणी काढले. त्यानंतर कुणी आजाऱ्यासाठी दोर मागायला आला की मास्तर म्हणत, "दोर विहिरीवर आहे. पाणी काढा, उकळा, आजाऱ्याला पाजा. बाकीचं साहेबाला सांगू." आणि मग ते त्या माणसाबरोबर, तो कुणीही असो, बाप्तिस्म्याचा असो वा नसो, चिंचेखालच्या मातीत गुडघे टेकून डोके वाकवत.