बोळातली झळ

“तो पत्रा तोडू की नको, महाराज? एवढंच सांगा.”

भालचंद्र मठाच्या ओसरीवर तणतणत उभा होता. चपला काढायचंही भान त्याला उरलं नव्हतं.

चिंतागीर महाराज सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला पत्रा?”

“त्या अनसूयाबाईनं ठोकलेला. बोळात. आपल्या एसीच्या तोंडावर!”

महाराजांची सुपारी कातरून होत नव्हती.

भालचंद्र मोठा ठेकेदार आणि महाराजांचा जुना शिष्य. प्रवचनाला महाराजांच्या मागे उभं राहून वाळ्याचा पंखा घालायचा मान त्याचा. पंखा पहिल्यांदा हाती देताना महाराजांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती. उचलण्याआधी मागं बघायचं. पुढच्याला वारा घालताना मागच्याचं थोबाड फुटायला नको.

पण वऱ्हाडचा उन्हाळा वाळ्याच्या पंख्याला दाद देत नाही. म्हणून भालचंद्रनं हट्टानं नव्या ध्यानमंदिरात एसी बसवून घेतला आणि पंखा खुंटीला लागला. आज संध्याकाळी मंदिराचं उद्घाटन होतं. आपल्यामागे गादी कोणाची, हेही महाराज आजच सांगणार होते. ते नाव आपलंच, याबद्दल भालचंद्रच्या मनात शंका नव्हती. आणि नेमका आजच एसी तापून बंद पडत होता.

त्याच्या बाहेरच्या यंत्रापुढं मोकळी जागा लागते, हे भालचंद्रला ठाऊक नव्हतं असं नाही. गच्चीवर तशी जागा हवी तेवढी होती. पण गच्चीवर नवा कळस होता, आणि कळसाशेजारी तो पांढरा खोका त्याच्या डोळ्यांत खुपला असता. मोकळी हवा कळसाला जास्त लागते, असा शोध त्याला लागला असावा. खोका गेला मठाशेजारच्या अरुंद बोळात. त्याचं तोंड आलं बरोबर अनसूयाबाईच्या खिडकीसमोर.

बाईनं सांगून पाहिलं. कोणी ऐकेना, तेव्हा खिडकीवर पत्रा ठोकला. गरम हवा पत्र्यावर आपटून पुन्हा यंत्रातच शिरू लागली, आणि यंत्रानं मान टाकली.

“मुद्दाम केलंय तिनं. मठाचं चांगलं बघवत नाही!” भालचंद्र म्हणाला. “सेवेकरी पहार घेऊन तयार आहेत. तुमचा शब्द हवा फक्त.”

“यंत्र चालू आहे?”

“आत्ताच लावलंय. घटकाभर चालेल, की पुन्हा बसेल.”

अडकित्ता खाली ठेवून महाराज उठले.

“सेवेकरी कशाला? तूच तोड.”

भालचंद्र पहार घेऊन बोळात शिरला. यंत्र आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम उभं राहता येत होतं. भट्टीचं दार उघडावं तशी झळ अंगावर आली. डोळे चुरचुरले, घसा कोरडा पडला.

“महाराज, जरा यंत्र बंद करायला सांगा…”

महाराज बोळाच्या तोंडाशी वाट अडवून उभे होते.

“का? गारवा नको का आत?”

भालचंद्रचा राग मस्तकात गेला. यंत्राचा राग, बाईचा राग, आणि कधी नव्हे तो महाराजांचाही. त्यानं पत्र्यावर दाणकन पहार हाणली.

आतून तान्ह्या लेकराचा टाहो ऐकू आला.

“कोन व्हय?” अनसूयाबाई कडाडली. “तोडता? तोडा! सांगून सांगून थकली मी. माह्या बाळंतीण लेकीची खाट हाय इथं. तुमच्या मशीननं लेकराचं अंग फोडानं भरलं. तोडा, पन पयले लेकराले उचलू द्या मले!”

दुसऱ्या घावासाठी उचललेली भालचंद्रची पहार तशीच राहिली.

यंत्र घरघरत होतं… मग खट् आवाज होऊन बंद पडलं.

तो घामानं निथळत बाहेर आला, तेव्हा महाराज मठातून खुंटीवरचा पंखा आणून उभे होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या वर्षांत त्यानं तो तसा पाहिला नव्हता. त्याला भीती वाटली.

“यंत्र गच्चीवर नेतो, महाराज. कळसाशेजारी. आजच हलवतो.”

“ने.”

“पण संध्याकाळी मंदिरात उकडेल. पाहुणे येणार… आणि गादीचं ते…”

महाराजांनी पंखा त्याच्या छातीवर जवळजवळ आदळला.

“घाल वारा.”

ते त्याच्याकडे पाठ करून तिथेच, रस्त्यावरच्या उन्हात, मांडी घालून बसले. भालचंद्र नेहमीसारखा त्यांच्या मागे उभा राहिला. अनसूयाबाईच्या दाराची कडी वाजली. कण्हणारं लेकरू पदराखाली घेऊन ती उंबऱ्यावर आली होती, त्याच्या अगदी पाठीशी. त्याचं लक्ष महाराजांच्या मानेवरच्या घामावर होतं. इतकी वर्षं मनात धरलेली गादी या एका दुपारी हातची जाईल, या धास्तीनं त्यानं घाईघाईनं पंखा उचलला.

महाराजांनी मान न वळवता हात मागं केला आणि त्याचं मनगट आवळून धरलं. ते दुखलं.

“मागं बघितलंस?”